वीज गेली, पाठोपाठ नळही गेला : ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका घराचा प्रकरण अभ्यास

आजोबा ७४ वर्षांचे. उभं आयुष्य वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर म्हणून गेलं. सव्वा वर्षापूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला आणि उजवी बाजू गेली. आयसीयूतून घरी आले ते तीन नळ्या घेऊन: गळ्यात ट्रॅकिऑस्टॉमीची, म्हणजे श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या छिद्रातली, आठ नंबरची, पोटात जेवणाची पेग ट्यूब आणि लघवीची एक. बोलता येत नाही, पण कळतं सगळं. पोटातल्या नळीतून जेवण देण्याआधी आज काय केलंय ते सांगावं लागतं. नाही सांगितलं तर डाव्या हाताने नळी घट्ट धरून ठेवतात. भाजी मेथीची आहे म्हटलं की सोडतात.

रात्री त्यांना दोन लिटर ऑक्सिजन लागतो, पाच लिटरच्या कॉन्सन्ट्रेटरवर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या विजेच्या मशीनवर. दिवसातून सहा-सात वेळा गळ्यातून कफ ओढून काढावा लागतो, त्याला सक्शन म्हणतात. घरी आजी, मुलगा आणि सून. मुलगा ऐरोलीला नोकरी करतो आणि आठवड्यात तीन रात्रपाळ्या असतात. रुग्णसेवेसाठी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून दोघी येतात, दिवसा कळव्याच्या मावशी आणि रात्री मोखाड्याकडची एक तरुण ताई. मी नर्स. आठवड्यातून दोनदा जाते, नळ्या बघते, बदलते आणि या दोघींना शिकवते.

इमारत नौपाड्याच्या सखल बाजूला, चार मजली, २४ फ्लॅटची. आजोबा तिसऱ्या मजल्यावर. मीटरची खोली आणि पाण्याचा पंप तळमजल्यावर. जमिनीखालच्या टाकीचं लोखंडी झाकण पार्किंगच्या फरशीला अगदी लागून, एक इंचही वर नाही. सव्वा वर्ष मी त्या झाकणाशेजारी स्कूटर लावत होते, पण त्याचा आजोबांच्या छातीशी काही संबंध असेल असं माझ्या मनात कधी आलं नाही.

योजना होती

ही गोष्ट आधी सांगते, कारण ‘योजना नव्हती म्हणून झालं’ असा समज व्हायला नको. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची वीज एकदम गेली, ते कोविडचे दिवस होते. तेव्हा माझ्याकडे ऑक्सिजनवरचे सहा रुग्ण घरी होते आणि मी फोनवर फोन करत होते. त्या दिवसानंतर मी प्रत्येक घरासाठी आणीबाणीची योजना लिहायला लागले. आजोबांच्या घरचीही होती. दोन पानं, इंग्रजीत टाइप केलेली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली. जास्तीचा सिलिंडर, ॲम्ब्युलन्स, डॉक्टरांचे नंबर, सगळं त्यात होतं.

हात धुणं, सक्शनची स्वच्छता, ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या ह्युमिडिफायरच्या बाटलीतलं पाणी बदलणं हे मात्र दुसऱ्या वहीत. ती वही आजोबांच्या उशाशी असायची, मावशी रोज त्यात खुणा करायच्या. दोन विषय, दोन जागा, दोन वेळा दिलेलं शिक्षण. हॉस्पिटलातही मी तसंच शिकले होते. पण तिथे वीज गेली तरी जनरेटर चालतो आणि बेसिनला पाणी येत राहतं.

ती रात्र

जुलैतला शनिवार. दुपारपासून पावसाने झोडपलं होतं. मध्यरात्री खाडीला भरती आली आणि नाल्यातलं पाणी खाडीत उतरायचं सोडून गल्लीत परत फिरलं. एक वाजून दहा मिनिटांनी मीटरच्या खोलीत पाणी शिरायला लागलं म्हणून इमारतीचा पुरवठा बंद केला गेला. ते योग्यच होतं. घरी आजी आणि ताई दोघीच. सून माहेरी गेलेली, मुलगा कामावर. तो लगेच निघाला, ऐरोली पुलावरून मुलुंडपर्यंत आला आणि पुढे कोपरीला गाड्यांच्या रांगेत अडकला.

कॉन्सन्ट्रेटर शिटी वाजवून थांबला. इन्व्हर्टरवर दिवे, पंखे, टीव्ही सगळं चालू होतं, पण मशीनचं सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर नव्हतंच. सव्वा वर्षात मीही ते तपासलं नव्हतं. बोटाच्या मशीनवर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ९४ टक्क्यांवरून हळूहळू ८९ झाला.

ताईने बाल्कनीतला सिलिंडर ओढत आत आणला. बी टाइप, भरलेला, रेग्युलेटर बसवलेला. फक्त उघडायची चावी नव्हती. आजी पक्कड घेऊन आल्या, पण चौकोनी खुंट्यावरून ती सटकत राहिली. इन्व्हर्टरचे दिवेही जातील या भीतीने आजींनी पलंगाशेजारच्या स्टुलावर मेणबत्ती लावलेली. दीडच्या सुमारास त्यांनी मला व्हिडिओ कॉल केला आणि पहिल्यांदा मला दिसली ती ती मेणबत्ती, ऑक्सिजनच्या नळीपासून हातभर अंतरावर. मी ओरडलेच. इतक्या वर्षांत रुग्णाच्या घरी मी आवाज चढवला असेन तो त्याच रात्री. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण त्याच्या आसपास ठिणगीचा भडका व्हायला वेळ लागत नाही, अंथरूण आणि कपडे धडाधड पेटतात.

मी डोंबिवलीला, पोहोचणं अशक्य. टीव्हीमागचं सॉकेट इन्व्हर्टरवर आहे हे दिसतच होतं. एक्स्टेन्शन बोर्डाने तिथून मशीन जोडायला सांगितलं. एक चाळीसला मशीन सुरू झालं, दहा मिनिटांत आकडा ९३ वर आला. पंखे आणि टीव्ही बंद करायला लावले. घरातली बॅटरी १५० अँपिअर-तासांची, १२ व्होल्टची, म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. असं मशीन साधारण ३५० वॅट ओढतं. कागदाप्रमाणे पाच तास, प्रत्यक्षात तीन-साडेतीन धरायचे.

मधल्या वेळात ताई टॉर्च घेऊन तळमजल्यापर्यंत जाऊन आली, वॉचमनकडे पाना आहे का बघायला. गुडघाभर पाणी. पाना मिळाला नाही. चावी सव्वादोनला घरातच सापडली, मुलाच्या टेबलाच्या खणात, ‘हरवायला नको म्हणून’ ठेवलेली. चार पन्नासला इन्व्हर्टरने दम तोडला आणि ताईने सिलिंडर सुरू केला. बी टाइपमध्ये भरलेला असताना सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन असतो. दोन लिटरच्या वेगाने साडेबारा तास. ऑक्सिजनची चिंता मिटली होती, आणि इथेच मी सैल पडले.

पाच वीसला पुन्हा फोन. गळ्यात घरघर, आकडा ८६. सक्शन मशीन विजेवरचं. मी ताईला म्हणाले, “पन्नासची सिरिंज घे, सक्शनच्या कॅथेटरला लाव आणि हळू हळू मागे ओढ. दहा सेकंदांपेक्षा जास्त नको.” तिने ओढलं. फोनवर मला घरघर कमी होत गेलेली ऐकू आली. आकडा ८८, ९१, ९३. आजी रडत होत्या. मलाही भरून आलं होतं.

ती सिरिंज कुठली होती, हे मी विचारलं नाही.

पन्नासची एकच सिरिंज हाताशी होती, आजोबांना पोटातल्या नळीतून जेवण देतात ती. रात्रीचं फीडिंग झाल्यावर वाडग्यात विसळून ठेवलेली. ताईने हात धुवायला नळ उघडला तर नुसती फुसफुस. या इमारतीत वरची टाकी पहाटे पाचला पंप लावून भरतात, रात्रभराच्या वापराने ती तळाला गेली होती आणि पंप पाण्याखाली होता. हात निर्जंतुक करायच्या हँडरबची बाटली दोन दिवसांपासून रिकामी होती. ब्युरोला सांगितलं होतं, आली नव्हती. ताईचे हात पुराच्या पाण्यात जाऊन आलेले. तिने ते ओल्या नॅपकिनने पुसले, अंधारात खोक्यातून ग्लव्ह्ज ओढले आणि त्याच हातांनी चढवले. दुपारपर्यंत तेच कॅथेटर वाडग्यातल्या पाण्यात विसळून आणखी तीनदा वापरलं गेलं.

तिच्या जागी मी असते, तर मीही आधी आजोबांचा श्वास मोकळा केला असता. तिला दोष देणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते.

मधल्या काळात १०८ ला फोन झाला होता. गाडी मुख्य रस्त्यापर्यंत येणार होती, पण लिफ्ट बंद, तीन मजले, खाली पाणी. मी एक रेघ ठरवली होती: आकडा दहा मिनिटं ९० खाली राहिला तर शेजारच्या चौघांनी खुर्चीत बसवून उतरवायचं. पाच वीसला खुर्ची पलंगापर्यंत आलीसुद्धा होती, तेव्हा कोणीतरी लघवीची पिशवी उचलून आजोबांच्या मांडीवर ठेवली. पिशवी मूत्राशयाच्या वर गेली की लघवी उलटी आत जाऊ शकते. ताईने पाहिलं आणि खाली केली. त्या बाबतीत नशीब बरं होतं, पुढे काही झालं नाही.

दुपारी नळ आला

बारा चाळीसला वीज आली. पंप आपोआप सुरू झाला आणि सगळ्यांनी हुश्श केलं. इमारतीत बादल्या भरायची घाई उडाली. पहिलं पाणी चहासारखं आलं, मग पिवळसर, मग दिसायला स्वच्छ.

पार्किंगमधलं झाकण रात्रभर पाण्याखाली होतं. गल्लीचं, नाल्याचं, मागच्या उकिरड्याचं पाणी जमिनीखालच्या टाकीत उतरलं होतं आणि पंपाने तेच वर चढवलं. पिण्याचं पाणी आजींनी उकळून घेतलं. अनुभवी बाई, पुराचं पाणी म्हटल्यावर त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. पण मावशींनी उत्साहाने आजोबांची खोली आवरली, ह्युमिडिफायरची बाटली घासली आणि नळाच्या पाण्याने भरली. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन संपला होता आणि दुकानं बंद होती. सक्शनचा वाडगाही नळाच्याच पाण्याने भरला. त्यांच्या दृष्टीने त्या स्वच्छता करत होत्या.

या बाटलीविषयी जरा थांबून सांगते, कारण ही चूक मी ठाण्यात घरोघरी बघते. ऑक्सिजन या पाण्यातून बुडबुडत जातो आणि ओलावा घेऊन थेट फुप्फुसात उतरतो. नाकातले केस, घसा, हे सगळे पहारेकरी गळ्यातल्या नळीने आधीच बाजूला केलेले असतात. बाटलीत शिळं किंवा दूषित पाणी असेल तर त्यातले जंतूही तुषारांबरोबर जाऊ शकतात. दुसरं, बरेच जण पेट्रोल पंपावरून किंवा बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणतात. ते बॅटरीसाठी असतं, त्यातले क्षार काढलेले असतात, जंतू काढल्याची हमी नसते. मेडिकलमधलं स्टराइल वॉटर घ्यावं. नाहीच मिळालं तर खळखळ उकळून झाकून थंड केलेलं पाणी. आणि बाटली रोज रिकामी करून, धुऊन, सुकवून मग भरायची, उरलेल्यात वरून भर घालायची नाही.

मावशींच्या पायाला त्या सकाळी स्टेशनवरून येताना पाण्यातल्या पत्र्याने कापलं होतं. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. मी सोमवारी गेले तेव्हा पट्टी दिसली. पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, विशेषतः पायाला जखम असेल तर, आणि त्याचं प्रतिबंधक औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने ७२ तासांच्या आत घ्यायचं असतं. त्यांना तडक दवाखान्यात नेलं. रुग्णाची योजना करताना त्याच्याकडे चालत येणाऱ्या बाईच्या पायांचा विचार माझ्या दोन पानांत कुठेच नव्हता.

पाचवा दिवस

गुरुवारी सकाळी ताप १०१.८. कफ घट्ट आणि हिरवट, वास बदललेला. श्वास मिनिटाला २८. दोन लिटरवर आकडा ८९-९०. मावशींनी जेवण काय आहे ते सांगितलं, तर आजोबांनी नळी धरली नाही. डोळेही उघडले नाहीत. आजींनी मला फोन केला तो ताप सांगायला नाही, हे सांगायला. मी ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितली.

उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया. गळ्यातल्या स्रावाच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, स्यूडोमोनास वाढला. हा जंतू ओलाव्यात राहणारा: बेसिन, ओल्या बाटल्या, ट्यूब, सक्शनची बरणी. ज्यांच्या गळ्यात बरेच दिवस नळी आहे, त्यांच्यात तो आजाराशिवायही मुक्काम ठोकून असतो, म्हणून नुसत्या कल्चरवरून बोट एका गोष्टीकडे दाखवता येत नाही. पण त्या चार दिवसांत वाटा उघड्या होत्या खऱ्या: जेवणाची सिरिंज, न धुतलेले हात, परत परत वापरलेलं कॅथेटर, टाकीचं पाणी. नऊ दिवस हॉस्पिटलात, शिरेतून अँटिबायोटिक. घरी आले तेव्हा माकडहाडाशी कातडी लाल झाली होती, ती बरी व्हायला आणखी महिना गेला.

मी त्या रात्रीचा तक्ता मांडून बसले आणि वेळेप्रमाणे लिहीत गेले. एकाच वायरवर किती गोष्टी टांगलेल्या होत्या ते तेव्हा दिसलं. वीज गेली तेव्हा मशीन गेलं, हे सगळ्यांना दिसलं. त्याच विजेवर पंप होता, पंपावर नळ, नळावर हात धुणं. आणीबाणीत स्वच्छताही कोसळली आणि ती आवाज न करता कोसळली. मशीन शिटी वाजवतं. कोरडा नळ वाजवत नाही.

घरात काय बदललं

कार्ड. इंग्रजी दोन पानं काढली. ताई मराठी वाचते, आणि रात्री एक वाजता टॉर्चच्या उजेडात वाचणार. म्हणून पुठ्ठ्यावर जाड मार्करने, ती बोलते त्या भाषेत, तिच्याशी बसूनच लिहिलं:

“मशीन थांबलं तर लाल टिकलीच्या सॉकेटला. पंखे बंद.
इन्व्हर्टर संपला तर सिलिंडर. चावी सिलिंडरच्या गळ्यात बांधलीय. काटा २ वर.
घरघर आली तर आधी हात, मग पायाचं सक्शन, नवं कॅथेटर.
९० च्या खाली दहा मिनिटं राहिलं तर १०८, मग सिस्टर.
नळाचं पाणी आजोबांच्या कुठल्याच नळीत, बाटलीत नाही.
मेणबत्ती, समई, उदबत्ती या खोलीत नाही.”

शेवटच्या ओळीवर आजी नाराज होत्या. देवघर त्याच खोलीत होतं. आठवडाभर विचार करून त्यांनी स्वतःच देव हॉलमध्ये हलवले.

‘आधी हात’ लिहिणं सोपं, पण हात कशाने? जून ते सप्टेंबर रोज संध्याकाळी तोटीचं झाकणवालं पिंप भरून ठेवतात, २० लिटरचं, आजोबांच्या खोलीबाहेर, शेजारी साबण आणि पसरट टब. हात चिखलाचे, घाणीचे असतील तर नुसतं हँडरब पुरत नाही, ते मळावर काम करत नाही. आधी मगभर पाणी आणि साबण, मग हँडरब, वीस-तीस सेकंद, बोटांच्या फटी आणि अंगठ्यासकट. हँडरबच्या दोन बाटल्या, एक पलंगाच्या दांडीला बांधलेली. दुसरी उघडली त्याच दिवशी तिसरी आणायची. ब्युरोच्या भरवशावर काही ठेवायचं नाही, असं आजींनी ठरवलं.

सिरिंज. जेवणाच्या सिरिंजला निळी चिकटपट्टी, तिचा डबा स्वयंपाकघरात. सक्शनसाठी दोन नव्या, सीलबंद, लाल पट्टीच्या, आणीबाणीच्या पिशवीत. त्याच पिशवीत दहा आणि बारा नंबरची कॅथेटर्स, सलाइन, गळ्याची एक आठ नंबरची आणि एक सात नंबरची नळी, बांधायच्या पट्ट्या, ग्लव्ह्ज, औषधांची यादी, डिस्चार्जचे कागद. पायाने चालणारं सक्शन मशीन घेतलं. विजेचं काम नाही.

आणि तालीम. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री नऊला मुलगा मेन स्विच बंद करतो. पहिल्या खेपेला ताईला मशीन लाल टिकलीला लावायला चार मिनिटं लागली आणि हात धुवायला ती विसरली. तिसऱ्या खेपेला पन्नास सेकंदांत मशीन चालू होतं आणि ती पिंपाच्या तोटीखाली हात चोळत उभी होती. मेन स्विच पाडायच्या आधी आजोबांना सांगतो. पहिल्या दोनदा त्यांनी डावा हात घट्ट मुठीत धरला होता. आता ते ताईकडे बघत असतात, सुपरवायझर नव्या फिटरकडे बघतो तसे.

घराबाहेर

टाकीचं झाकण घरातल्या योजनेने उचललं जाणार नव्हतं. मी आणि मुलगा सोसायटीच्या मीटिंगला गेलो. सुरुवातीला सेक्रेटरी काकांचं म्हणणं, एका घरासाठी सगळ्यांनी खर्च का करायचा. मी विचारलं, इमारतीत आणखी कोणाकडे मशीन आहे? कोणाला माहीत नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतः घरोघरी जाऊन विचारलं. २४ फ्लॅटपैकी आणखी दोन घरं निघाली: एका काकूंना रात्री श्वासाला मदत करणारं बायपॅप मशीन, आणि पहिल्या मजल्यावर एक जण घरीच पोटातून डायलिसिस करतात. त्यांना तर प्रत्येक वेळी हात धुतल्याशिवाय पिशवीला हात लावणंच धोक्याचं, पोटाच्या आतल्या आवरणाला संसर्ग होतो. त्या रविवारी त्यांनीही टाकीच्या पाण्यानेच हात धुतले होते.

काकांचा सूर बदलला. टाकीच्या तोंडाभोवती दीड फुटाचा कठडा बांधला, रबराचं सील असलेलं झाकण बसवलं. पंपाची मोटर ओट्यावर घेतली. पुराचं पाणी आत गेल्याची शंका असेल तर पंपाचा ऑटो बंद, टाकी उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरने धुतल्याशिवाय वर पाणी चढवायचं नाही, असा नियम पंपाच्या दारावर लिहिला. वॉचमनच्या केबिनमध्ये तिन्ही घरांचे फ्लॅट नंबर आणि खुर्ची उचलायला येणाऱ्या चौघांचे फोन लावलेत.

एक गोष्ट मात्र मार्गी लागलेली नाही. ताईचं लग्न ठरलं, ती गावी गेली. ब्युरोने नवी मुलगी पाठवली आहे, चुणचुणीत आहे, पण सक्शन तिने आतापर्यंत फक्त बघितलंय. कार्ड तिच्याबरोबर बसून नव्याने लिहायला घेतलंय, कारण ‘काटा’ या शब्दाने तिला वजनाचा काटा वाटला. तिची पहिली तालीम येत्या रविवारी रात्री नऊला आहे, आणि या वेळी आजींनी पहिल्या मजल्यावरच्या डायलिसिसवाल्यांनाही बघायला बोलावलंय.